व्हीलचेअरची बैठक : एका कुशनवाल्याची मापं

माझा धंदा सीटचा. बेळगावच्या वडगावात कुशनचं दुकान आहे. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकल, ज्यावर म्हणून बूड टेकायचं त्या सगळ्याच्या सीटा आमच्याकडे होतात. गिऱ्हाईक मराठी असो की कन्नड, मागणी एकच. "जरा मऊ करा हो," नाहीतर "स्वल्प मेत्तगे माडी." वीस वर्षं मीही फोमचा एक थर वाढवून देत आलो. माणूस एकदा बसून बघायचा, दोनदा उसळायचा, खूश होऊन पैसे द्यायचा.

२०११ च्या मे महिन्यात सासुरवाडीला, खानापूरच्या बाजूला, पावसाआधी घर शाकारायला छपरावर चढलो आणि किडका वासा पायाखाली मोडला. मणका डी-१२ ला, म्हणजे छातीमागच्या बारा मणक्यांतल्या सगळ्यात खालच्याला, गेला. कमरेखालचं तेव्हापासून काही कळत नाही.

पहिली खुर्ची भाड्याची. घडीची, काळ्या रेक्झिनची, १८ इंची. माझं बूड पंधरा इंचाचं. दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी फट, आणि मधे रेक्झिन झोळीसारखं लोंबलेलं. त्यावर मी माझ्याच दुकानातला सगळ्यात मऊ, चार इंची फोम टाकून राजासारखा बसलो. पाच महिन्यांत डाव्या बुडाला जखम झाली. वरून रुपयाएवढी दिसत होती, आत किती होती ते ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने सांगितलं तेव्हा बायको बाहेर जाऊन बसली.

तीन महिने पालथं पडून काढले. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सीटचाच विचार केला. रिक्षावाल्याला सीट टोचली की तो बूड सरकवतो, सरकवलं हे त्याच्या ध्यानातही येत नाही. झोपेत माणूस कूस बदलतो ती अशीच. आमचा हा निरोपच मधे तुटलेला. हाड आणि फळीच्या मधे कातडी चेंगरते, तिथलं रक्त थांबतं, आणि वरच्या मजल्याला पत्ता नसतो. तेव्हा मऊ लागतंय की टणक, हे बसणाऱ्याला विचारून उपयोग नाही. बूड जे सांगत नाही ते टेपने, हाताने आणि घड्याळाने काढून घ्यायचं.

त्यानंतर माझ्यासारख्या साठ-सत्तर जणांच्या बैठकी मी केल्या असतील. मी डॉक्टर नव्हे. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट जवळ असेल तर मापं त्यांच्याकडूनच घ्या. खरं आमच्या भागात खेड्यातल्या माणसाला ते वर्षातून एकदा भेटले तरी नशीब, म्हणून हे लिहितोय.

टेप हातात घेण्याआधी

मापं पलंगावर बसवून घेऊ नका. गादीत बूड रुततं आणि सगळी मापं खोटी येतात. शाळेतलं बाक, दिवाण, नाहीतर दोन स्टुलांवर ठेवलेली जाड फळी घ्या. वर पातळ सतरंजी टाका. एकाने मागून धरायचं, दुसऱ्याने मापायचं, आणि काम पाच-सात मिनिटांत उरकायचं, कारण फळीवर बसलेल्या माणसाच्या कातडीचा वेळ आपण खर्च करत असतो. शिंप्याची कापडी टेप नको, ती अंगावरून वळते. लोखंडी पात्याची टेप घ्या आणि प्लायचे दोन तुकडे. ते बुडाच्या दोन्ही बाजूंना उभे टेकवायचे आणि दोघांमधलं अंतर मापायचं.

मागच्या पावसाळ्याआधी चिकोडीकडचा एक पोरगा आला. उसाचा ट्रॅक्टर उलटून डी-८ ला मार. मामा बरोबर होता. त्याचीच मापं सांगतो, म्हणजे हिशोब कळेल.

बुडाची रुंदी साडेचौदा इंच. सीटची रुंदी यात फार तर एक इंच वाढवून, म्हणजे साडेपंधरा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा. यापेक्षा रुंद झाली की माणूस एका कुशीवर कलतो आणि चाकं लांब गेल्याने खांदे दुखतात. अरुंद झाली की खुब्याची हाडं बाजूच्या पत्र्याला घासतात.

सीटची खोली म्हणजे पाठीमागून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतचं अंतर, त्यातून दोन इंच वजा. दोन्ही पायांचं मापायचं. याचा डावा साडेअठरा आला आणि उजवा अठरा. धरायचा कमी असलेला, म्हणून खोली सोळा. हे दोन इंच सोडले नाहीत तर सीटची कड पोटरीला लागते, आणि ती टाळायला अंग आपोआप पुढे घसरतं. उलट खोली फार कमी ठेवली तर मांडीचा आधार जातो आणि तिचा भार मागच्या दोन हाडांवर येतो.

गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत साडेसोळा. हे पाय ठेवायच्या पट्टीसाठी, रोजची चप्पल किंवा बूट घालूनच मापायचं. बसलेल्या जागेपासून खवाट्याच्या खालच्या टोकापर्यंत पाठीचं माप. स्वतः चाक मारणाऱ्याच्या खुर्चीची पाठ या टोकाच्या एक-दोन बोटं खाली थांबावी, नाहीतर खवाटा अडतो. मार मानेला किंवा छातीत वर असेल तर पाठ उंच लागते, तिथे हा नियम लावू नका. शेवटी, हात टेकायच्या पट्टीसाठी, कोपर काटकोनात ठेवून बसल्या जागेपासून कोपरापर्यंत.

आता एक चूक सांगतो जी मी स्वतः केली आणि अजून बघतो. मापं झाली, खुर्ची आली, आणि मग त्यावर तीन इंची गादी टाकली. माणूस तीन इंच वर उचलला गेला. पाठ तीन इंच बुटकी झाली, हात टेकायची पट्टी खाली गेली, पाय लोंबकळले, चाकाला हात पोचेना. गादी आधी ठरवा आणि ती बसल्यावर किती दबते ते मापून सगळ्या उंच्यांत धरा. हात चाकाच्या माथ्यावर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं, १०० ते १२० अंशांत असावं. हाताला दुसरी जोडी मिळत नाही. आमचे पाय गेले, आता खांदे हेच पाय.

कमर सरळ आहे का

बैठकीचा पाया म्हणजे कमरेचा सांगाडा, डॉक्टर त्याला पेल्व्हिस म्हणतात. समोर बसा आणि दोन्ही अंगठ्यांनी कमरेच्या पुढच्या दोन हाडाच्या गाठी शोधा. पँटचा पट्टा असतो तिथेच, जरा बाजूला लागतात. दोन्ही अंगठे एका रेषेत आहेत का? पोराचा डावा अंगठा बोटभर खाली होता. म्हणजे डाव्या बसायच्या हाडावर जास्त भार.

आता कमर हाताने हळू सरळ करून बघायची. झाली सरळ, तर ती सवयीने कललेली आहे. तेव्हा खालच्या बाजूला, म्हणजे इथे डाव्या बुडाखाली, गादीच्या तळाशी उंचवटा द्यायचा. कमर आखडून तशीच बसली असेल आणि हलतच नसेल, तर जबरदस्ती करायची नाही. तिथे उलटं : जी बाजू वर उचललेली आहे तिच्याखालची पोकळी भरायची, म्हणजे त्याही बाजूला भार वाटला जातो. हे दोन उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गफलत केली तर आधीच चेंगरलेलं हाड आणखी चेंगरतं. नक्की कळत नसेल तर थांबा आणि थेरपिस्टला दाखवा.

उंचवटा किती द्यायचा? मी आधी फोम कापतच नाही. वर्तमानपत्राच्या घड्या गादीखाली सारतो, दोन-दोन घड्या वाढवत जातो, आणि अंगठे एका रेषेत आले की तेवढ्या जाडीची फोमची पाचर कापतो. त्या दिवशी मामा म्हणाला, "पेपरवर बसवूलास काय पोराला?" म्हटलं, मामा, पेपर फुकट आहे, फोमचे पैसे पडतात.

दुसरा दोष जास्त सर्रास दिसतो : कमर मागे लोळते, पाठीची कमान होते, माणूस माकडहाडावर बसतो. घरचे ओरडत असतात, "नीट बस की रे." तो नीट बसणार कसा? सीट खोल असेल, झोळी झाली असेल, पाय ठेवायची पट्टी खाली असेल, नाहीतर मांडीमागच्या शिरा आखडल्या असतील. शेवटचं तपासायला त्याला उताणा झोपवा, मांडी काटकोनात वर धरा आणि गुडघा हळू सरळ करा. लवकर अडला तर पाय पुढे ताणून ठेवणारी पट्टी कमरेला खेचूनच नेणार. अशा माणसाचे पाय जरा मागे, सीटच्या जवळ ठेवायचे.

१८ इंची खुर्ची वाट्याला आली तर

मापाची खुर्ची मिळाली तर उत्तम. एडिप, म्हणजे अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत अर्ज करायचा तर पंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला, म्हणजे गावच्या पुनर्वसन कार्यकर्त्याला भेटा, कागद कन्नडात असतात ते भरायला तो मदत करतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आधीच काढून ठेवा. आणि खुर्च्या वाटपाच्या शिबिराला जाताना मापांचा कागद खिशात असू द्या, मागितला नाही तरी पुढे करा.

तरी बहुतेकांच्या घरी शेवटी १८ इंचीच येते. ती फेकायची गरज नाही.

आधी झोळी मोडायची. १२ एमएमचा प्लाय सीटच्या मापाने कापा, चारही कोपरे गोल करा, पुढची कड पटाशीने उतरवून तिथे फोमची पट्टी लावा. प्लाय दोन्ही नळ्यांवर टेकला पाहिजे, रेक्झिनवर तरंगता कामा नये. खालून लाकडाच्या दोन पट्ट्या ठोका, म्हणजे तो पुढे सरकत नाही. खुर्ची मिटताना उचलून काढता येतो. एवढं एकच काम केलंत तरी अर्धी लढाई जिंकली, कारण झोळीत दोन्ही मांड्या आत वळतात, गुडघे एकमेकांना घासतात आणि कमर कलते ती कलतेच.

मग रुंदी भरायची. पोराला साडेपंधरा हवे होते, खुर्ची अठरा. फरक अडीच, म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वा इंच. ६ एमएम प्लायवर इंचभर फोम, वर कापड, आणि वेल्क्रोने हाताच्या पट्टीखालच्या पत्र्याला आतून बांधायचं. कमरेशीच हवं, गुडघ्यापर्यंत नको.

पाठीचं रेक्झिन लोंबलेलं असेल तर काढून टाका. बॅगांना लावतात ती दोन इंची पट्टी घ्या आणि पाच-सहा आडव्या पट्ट्या वेल्क्रोने दोन्ही खांबांना वेढा. कमरेच्या वळणाशी येणाऱ्या दोन पट्ट्या ताणून, वरच्या हळूहळू सैल. सगळ्यात खाली तळहाताएवढी जागा मोकळी सोडा, तिथे बूड मागे जाऊन बसतं. वरून पातळ फोमचं आवरण घाला. मग माणसाला बसवून एकेक पट्टी सैल-घट्ट करत बसा. इथे घाई करू नका. दुकानात मी यालाच सगळ्यात जास्त वेळ देतो, चहा दोनदा होतो.

पायांची पट्टी नट सैल करून वरखाली होते. ओळखायचं कसं? मांडीखाली, गुडघ्याजवळ, तळहात आडवा सारा. अलगद चिकटून गेला तर बरोबर. सहज आत-बाहेर होत असेल तर पट्टी वर आहे आणि मांडीचा भार बुडावर गेलाय. शिरतच नसेल तर खाली आहे. पट्टी आणि जमिनीत दोन इंच तरी ठेवा. आमच्याकडच्या गल्लीतले हंप बघता मी जास्तच ठेवतो.

गादी

मी राजासारखा बसलो होतो तो फोम एवढा मऊ होता की पंधरा मिनिटांत हाडं त्यातून आरपार जाऊन रेक्झिनला टेकत होती. वरून चार इंच दिसायचा, बुडाखाली अर्धा इंचही उरत नव्हता. कापसाची गादी त्याहून वाईट, तिच्या गाठी होतात. नारळाच्या काथ्याची तर नकोच.

आणि ती ट्यूब. पोराच्या खुर्चीत स्कूटरची ट्यूब फुगवून ठेवली होती, "मधे मोकळं राहतं, जखम होत नाही" म्हणून. मेडिकलमधे मिळणारी गोल रिंगही तीच. मधली कातडी मोकळी राहत नाही, कडेच्या दाबाने रक्त अडून ती सुजते. ट्यूब मी दुकानात ठेवून घेतली आणि मामाला कारण सांगितलं. रिंग कुणी सुचवली तर हात जोडा.

मी करतो ती गादी तीन थरांची. तळाला दीड इंच टणक फोम, ४० डेन्सिटीच्या (म्हणजे घनतेच्या) वरचा, नाहीतर ईव्हीए, चपलेच्या तळव्याला असतो तसला टणक फोम. या थरात मागच्या बाजूला, दोन बसायच्या हाडांखाली, खळगा कापायचा. खळग्याच्या पुढची कड उभी राहते, तिथे हाडं अडतात आणि माणूस पुढे घसरत नाही. मांड्यांखाली भरीव राहतं, कारण मांडी भार पेलू शकते, तिथे मांस आहे. मधे इंचभर एचआर, म्हणजे दाबला की लगेच उसळणारा फोम, वर इंचभर मेमरी, म्हणजे दाबला की हळूहळू आकार घेणारा फोम. दुकानदाराकडे डेन्सिटी विचारूनच घ्या, अंगठ्याने दाबून "चांगला वाटतोय" असं करू नका. ते मी वीस वर्षं केलंय.

खळगा नेमका कुठे? प्रत्येकाची हाडं वेगळ्या जागी. मी खानापूरच्या कुंभाराकडून माती आणून ठेवलीय. ताटलीसारख्या पसरट पेटीत दोन इंच थापायची, वर पातळ प्लास्टिक, आणि माणसाला दोघांनी धरून मिनिटभर त्यावर टेकवायचं, लगेच उचलायचं. मातीत दोन खड्डे स्वच्छ उठतात. पोराचा डावा खड्डा उजव्यापेक्षा चांगला करंगळीच्या पेरभर खोल होता. अंगठ्याने सांगितलेलं मातीनेही सांगितलं. मामा बराच वेळ त्या खड्ड्यात बोट घालून बघत होता, मग पहिल्यांदा गप्प झाला.

कव्हर हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा मोह. रेक्झिनचं ताणून, कडेला पायपिंग घालून शिवलेलं कव्हर दिसायला देखणं, खरं ते ढोलकीसारखं ताणलं की खालचा फोम फुकट. हाडं रुततच नाहीत, वरच्यावर तरंगतात. घामही येतो. होजिअरीचं, चारी बाजूंना ताणलं जाणारं कापड घ्या, सैल शिवा, शिवण फक्त कडेला. लघवी गळत असेल तर आत पातळ प्लास्टिकची पिशवी चालेल, तीही सैलच.

मग तपासणी. ही जागतिक आरोग्य संघटनेच्या व्हीलचेअर प्रशिक्षणात शिकवतात, आणि हिला एक पैसा लागत नाही. माणूस नव्या गादीवर दहा मिनिटं बसला की त्याला एका बाजूला कलवा, बसायच्या हाडाखाली गादीवर बोटांची टोकं ठेवा, तळवा वर. त्याला परत सरळ बसवा. आता बोटं वरखाली हलवून बघा. अर्धा सेंटिमीटर तरी हलली तर ठीक. हलत नाहीत पण सरकवून बाहेर काढता येतात, तर इशारा समजा. घट्ट चेंगरली आणि ओढून काढावी लागली, तर ती गादी त्या माणसाला नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. पोराची डावी बाजू पहिल्या खेपेला मधल्या पायरीवर आली. खळगा पाव इंच खोल केला, पाचर तशीच ठेवली, पुन्हा बसवलं, आणि बोट हललं.

हवेची आणि जेलची

फुग्याफुग्यांची हवेची गादी दाब उत्तम वाटते, महाग असते, आणि रोज लक्ष मागते. लोक ती टम्म फुगवतात. टम्म फुगली की फुग्यांच्या शेंड्यांवर बसणं होतं, हाडं आत जातच नाहीत. बसल्यावर गादीखाली हात घालून सगळ्यात खालचं हाड शोधायचं. हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच राहीपर्यंत हवा सोडायची, त्याखाली नाही.

माझ्याकडे अशी एक आहे. दोन वर्षांपूर्वी म्हापशाला लग्नाला निघालो. सकाळी बेळगावात हवा बेताची करून बसलो, चोर्ला घाट उतरलो, मांडवात गेलो. जेवणं उरकल्यावर हात घालून बघतो तर हाड तळाला टेकलेलं. पंक्चर शोधत बसलो, पंक्चर नव्हतंच. बेळगाव समुद्रापासून साधारण अडीच हजार फुटांवर, तिथली हवा विरळ. बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली घाट उतरल्यावर चेपलेली निघते, तसाच फुगाही आक्रसतो. आता पंप खुर्चीच्या पिशवीतच असतो. खाली उतरल्यावर थोडी हवा भरायची, परत वर आल्यावर थोडी सोडायची. डिसेंबरच्या थंडीत आणि एप्रिलच्या उन्हातही फरक पडतो, तेव्हा सकाळी बसल्या बसल्या हात घालायची सवय ठेवा.

जेलची गादी जड असते, आणि जेल बसून बसून हाडाखालून निघून जातं. रोज कणकेसारखं मळून मधे आणावं लागतं. घरात ते करणारं कुणी असेल तर चांगली.

घड्याळ आणि आरसा

कितीही चांगली गादी असली तरी ती वेळ वाढवून देते, मुक्ती देत नाही. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त घातली, ती अंथरुणातल्या माणसासाठी. बसलेल्याचा भार थोड्या जागेवर असतो, म्हणून दर वीस-तीस मिनिटांनी हलायचं.

हात टेकून अंग उचलायचं सगळ्यांना शिकवतात. ते करा, खरं दहा-पंधरा सेकंदांत हात थरथरतात आणि रक्त परत भरायला तेवढं पुरत नाही. खांदेही झिजतात. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवा आणि दोन मिनिटं तसंच राहा. तोल जात असेल तर टेबलावर वाका. नाहीतर एका बाजूला कलून दुसरं बूड मोकळं करा, मग उलट. मी शिवायला बसतो तेव्हा घड्याळ लावत नाही. मोटरचा पायटा कोपराखाली बसवून घेतलाय, आणि जाड दोऱ्याची बॉबिन वीसेक मिनिटांत संपते. बॉबिन संपली की वाकायचं. मशीन थांबलेलीच असते.

नवी बैठक मिळाली म्हणून दिवसभर बसू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग झोपून कातडी बघा. डाग अर्ध्या तासात गेला तर दुसऱ्या दिवशी थोडा वेळ वाढवा. नाही गेला तर काहीतरी टोचतंय. लांब दांड्याचा आरसा घ्या, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा, रोज सकाळी आणि रात्री. आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. बोटाने चाचपा : शेजारच्या जागेपेक्षा गरम लागतंय का, टणक किंवा पिठासारखं लिबलिबीत लागतंय का, रंग जांभळट आहे का. असं असेल तर त्या जागेवर बसायचं नाही, बस. चोळायचं नाही, हळद-तेल लावायचं नाही. कातडी फुटली, काळी पडली, वास आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शिवजयंतीचे चित्ररथ बघायला मी एकदा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चौकात बसलो. ढोल-ताशे, गर्दी, वाकायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर वाकायचं आठवलंही नाही. नवी जीन्स घातली होती. सकाळी बायकोने कपडे उतरवले आणि म्हणाली, "दुकानाची किल्ली कुठाय?" मागच्या खिशात होती. बुडावर तिचा ठसा उठला होता, दाते मोजता येतील असा. दोन आठवडे पलंगावर. तेव्हापासून माझ्या पँटींना मागचा खिसा नाही, रिव्हेट नाही, जाड शिवण नाही. मीच शिवतो. मांडीवर गरम चहा, लॅपटॉप, उन्हात तापलेलं रेक्झिन यांचंही तेच. भाजतं आणि कळत नाही.

मार डी-६ किंवा त्याच्या वर असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, ही घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, मारच्या वर घाम, म्हणजे रक्तदाब भडकलाय. खालच्या अंगाला काहीतरी त्रास होतोय आणि अंग असं ओरडतंय. लगेच सरळ बसवा, आडवं करू नका. पट्टा, बूट, लघवीच्या पिशवीची पट्टी सैल करा, नळी मुडपली आहे का बघा, बुडाखाली काही रुतलंय का बघा. उतरलं नाही तर वाट न बघता इस्पितळ.

पावसाळ्यातली गादी

जून ते सप्टेंबर आमच्याकडे काही वाळत नाही. ओल्या फोमवर बसलेल्याची कातडी भिजून पुरीसारखी होते आणि पहिल्या घर्षणाला निघते. कव्हरं दोन हवीतच. फोम भिजला तर पिळायचा नाही, फाटतो. टॉवेलमधे दाबून पाणी काढायचं, उभा करून पंख्याखाली ठेवायचा. चुलीजवळ वाळवाल तर हातभर लांब, आणि बसण्याआधी गार झालाय का हे घरच्याच्या हाताने बघायचं. दर महिन्याला ती बोटांची तपासणी पुन्हा करायची. फोम वर्ष-दीड वर्षात मरतो, वरून दिसत नाही.

आणखी एक. खळगा मागे असतो, आणि धुऊन परत घालताना गादी उलटी ठेवली जाते. मग खळगा मांडीखाली आणि हाडं टणकावर. पोराच्या घरी पहिल्याच आठवड्यात हे झालं. मामाचा फोन आला, "बोट हलेना." म्हणून आता प्रत्येक गादीच्या मागच्या शिवणीत मी बोटभर लाल फीत बाहेर सोडतो. फीत पाठीकडे दिसली की गादी बरोबर.